लक्ष उडतं तेव्हा: डोपामिन की नॉरॲड्रेनालिन?

लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेत शेजारी बसलेली दोन पोरं घ्या. एक दर दोन मिनिटांनी मोबाइल चाळतो, दुसरा पुस्तकावर मान टाकून पेंगतो. ‘डोपामिन (मेंदूतलं एक रसायन) कमी पडतंय’ असं दोघांनाही ऐकवलं जातं. पेंगणाऱ्याचं दुखणं बहुधा निराळं असतं, नॉरॲड्रेनालिन या दुसऱ्या रसायनाचं.

गल्लत होणं साहजिक आहे. डोपामिनवर एका विकराची (एन्झाइमची) क्रिया झाली की त्याचंच नॉरॲड्रेनालिन बनतं. त्या विकराला तांबं आणि क जीवनसत्त्व लागतं. कामं मात्र वेगळी.

मध्यमेंदूतल्या पेशी डोपामिन सोडतात, ते ‘यात मेहनत घालण्यासारखं आहे का’ हे जोखतं. त्याला आनंदाचं रसायन म्हणणं अपुरं आहे: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की त्याचा संदेश उसळतो, ठरलेलंच मिळालं तर फारसा हलत नाही. मोबाइलवर पुढे काय दिसेल ते ठाऊक नसतं. धड्याचं फळ मात्र परीक्षेत, महिन्यांनी. इथे रागावून उपयोग नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, 15 प्रश्न सोडवा, उत्तरं लगेच ताडून पाहा.

नॉरॲड्रेनालिनचा मुख्य उगम मेंदूच्या देठात, लोकस सेरुलियस नावाच्या निळसर ठिपक्यात. तिथल्या मोजक्या पेशींचे धागे जवळपास सगळ्या मेंदूत पसरलेले असतात आणि त्याला सावध ठेवतात. डोळ्यांवर झापड आली की त्या मंदावतात. एप्रिलच्या उकाड्यात दुपारी जेवून बसलात तर जिद्दीने पानं उलटू नका. 15-20 मिनिटं डुलकी घ्या, मग तोंड धुऊन चार पावलं चाला. चहाने यातलं कुठलंच रसायन नव्याने तयार होत नाही. कॅफिन झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची वाट अडवतं. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं रात्री दहालाही अंगात असतं.

खरी फसगत जास्तीने होते. कपाळामागचा मेंदू, म्हणजे विचार धरून ठेवणारा भाग, दोन्ही रसायनांच्या मध्यम पातळीवर उत्तम चालतो. पेपर हातात पडल्यावर घाबरून नॉरॲड्रेनालिन फार वाढलं, की ते एरवी शांत असलेल्या अल्फा-1 ग्राहींना (पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांना) चेतवतं आणि त्या भागाची पकड सुटते. पाठ असलेलं आठवत नाही ते यामुळे. अशा वेळी आणखी एक कडक चहा घातकच. श्वास सावकाश, लांब सोडा, पाच-सहा वेळा. मग सोपे प्रश्न आधी.

एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता या विकाराच्या) औषधांत मिथाइलफेनिडेट दोन्ही रसायनं वाढवतं. ॲटोमॉक्सेटिन नॉरॲड्रेनालिन पेशीत परत शोषणारा वाहक (ते आत ओढून नेणारं प्रथिन) रोखतं. कपाळामागे डोपामिनही बरंचसं त्याच वाहकातून शोषलं जात असल्याने तिथे तेही वाढतं. मित्राची गोळी ‘एकदा बघू’ म्हणून घेऊ नका. आधीच घाबरलेल्या मुलात ती पातळी आणखी वर नेते, धडधड वाढवते आणि रात्रीची झोप घालवते.