केनियाला निघण्याआधी: पिवळे कार्ड आणि बाकीची बांधाबांध

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचे बुकिंग झाले की आमच्याकडे सर्वांत जास्त फोन येतात ते एकाच प्रश्नासाठी: "पिवळ्या तापाची लस घ्यायलाच हवी का, आणि कधीपर्यंत घेतली तर चालेल?" फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जाते, म्हणून हे पत्रक.

घ्यायलाच हवी. निघण्याच्या किमान १० दिवस आधी. लस घेतल्याचा जो दाखला मिळतो, तेच पिवळे कार्ड. आमचा आग्रह महिनाभर आधीचा असतो.

"आमच्या शेजाऱ्यांना नैरोबीला कुणी कार्ड विचारलं नाही," असे बरेच जण सांगतात. ते खरे असू शकते. थेट भारतातून गेलेल्या प्रवाशाला तिथे विचारतीलच असे नाही. प्रश्न येतो तो परतताना. पिवळा ताप भारतात आजवर पसरलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंग्यूचा डास तो हाच, कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यातही वाढणारा. त्यामुळे केनियाहून येणाऱ्यांच्या बाबतीत आपले सरकार कडक आहे आणि ते योग्यच आहे. वैध कार्ड नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. म्हणूनच निघतानाही विमानतळावर कार्ड पाहतात.

चूक होते ती दिवस मोजण्यात. लस टोचली त्या दिवशी कार्ड हातात मिळते, पण ते वैध होते १० दिवसांनी. शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटातील चौघांचे कुटुंब लस घेऊन सहाव्या दिवशी विमानतळावर आले. कार्डे होती, शिक्केही होते, तरी काउंटरवरून परत पाठवले. चार दिवसांनी नवी तिकिटे काढून ते निघाले, तोवर गटाचा मारातला मुक्काम संपत आला होता. मुलांनी वर्षभर वाट पाहिलेली सहल होती ती. तेव्हापासून आमचा नियम आहे: पिवळ्या कार्डाचा फोटो आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढायचे नाही. काही ग्राहकांना हे जाचक वाटते, दुसरीकडे असे मागत नाहीत असेही ऐकवतात. आम्ही नियम बदललेला नाही.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच देतात आणि अशी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. शिवाय एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडली की ती लवकर वापरावी लागते. त्यामुळे बऱ्याच केंद्रांवर ठरावीक वार आणि आधी नावनोंदणी असते. "पुढच्या आठवड्यात जाऊन येतो" म्हणता म्हणता दिवस जातात ते इथे. गटातल्या मंडळींची नोंदणी आम्ही एकत्र करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लस एकदा घेतली की पुरते. २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर वैध धरतात.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी तो नवा करून घ्या, मग लस. कार्डावर पासपोर्ट क्रमांक असतो. लस आधीच झाली असेल तर जुना पासपोर्टही सोबत ठेवा.

वय साठच्या पुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल, गरोदरपण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. लस जिवंत विषाणूची आहे. डॉक्टर नको म्हणाले तर आम्हीही केनियाचा आग्रह धरत नाही. अशांना दक्षिण आफ्रिकेतले क्रुगर सुचवतो आणि तिकीट नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे काढत नाही. हत्ती, सिंह, गेंडे तिथेही मनसोक्त दिसतात. मलेरियाच्या गोळ्यांचेही याच भेटीत विचारून घ्या. पिवळ्या तापाची लस मलेरियापासून वाचवत नाही.

आता सामान. केनिया विषुववृत्तावर, म्हणून लोक नुसते सुती कपडे भरतात. मारा समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच. पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत जॅकेट आणि कानटोपी लागतेच, जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्की. रंग खाकी, मातकट, फिकट हिरवा. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माशा ओढल्या जातात आणि त्यांचा चावा जीनमधूनही लागतो.

कॅरीबॅग एकही नको, चपला गुंडाळलेलीसुद्धा. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कापडी पिशव्या आम्ही देतो. वन टाइम यूजच्या पाण्याच्या बाटल्याही अभयारण्यांत चालत नाहीत, स्टीलची बाटली आणा.

छोट्या विमानाने माराला जाणाऱ्यांना हातातल्या सामानासकट साधारण १५ किलोच नेता येते, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही. मोठी बॅग नैरोबीच्या हॉटेलात ठेवायची सोय आम्ही करतो.

दुर्बीण मात्र माणशी एक हवी. घरात एकच असते आणि चित्ता दिसला की ती हातोहात फिरते, तोवर चित्ता गवतात जातो. ८ बाय ४२ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची पुरते. नसेल तर आमच्याकडे भाड्याने मिळेल. कॅमेऱ्याची लेन्स टेकवायला उशीचा रिकामा अभ्रा आणा, कॅम्पवर त्यात तांदूळ भरून मिळतात. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर लागतो, आपला प्लग तिथे बसत नाही.

ई-टीएचा, म्हणजे केनियात जाण्याच्या ऑनलाइन परवानगीचा अर्ज आम्हीच भरतो. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि पिवळ्या कार्डाचा असे दोन फोटो एकाच वेळी व्हॉट्सॲपवर पाठवा. कार्डावरची तारीख आणि पासपोर्ट क्रमांक नीट वाचता येईल, असा उजेडात काढलेला फोटो हवा.