हंगामाच्या अखेरचा मध : मागणी नोंदवण्यापूर्वी कृपया वाचावे

आमच्या मधपेट्या महाबळेश्वर आणि जावळी तालुक्यांतील डोंगरउतारांवर आहेत. त्यांत आम्ही सातेरी जातीच्या मधमाश्या पाळतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनचा पाऊस लागेपर्यंतचा काळ आमच्यासाठी सर्वांत धावपळीचा असतो आणि ग्राहकांचे सर्वाधिक प्रश्नही नेमके याच काळात येतात. पैसे भरून पंधरवडा झाला तरी बाटली का आली नाही, गेल्या वर्षीपेक्षा मध काळसर का दिसतो, तो पातळ का वाटतो, अशी विचारणा होते आणि ती रास्तही असते. परंतु मे महिन्यात उजेड असेपर्यंत आम्ही पेट्यांपाशी असतो आणि त्या रानात बहुतेक ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही, त्यामुळे प्रत्येकाशी सविस्तर बोलणे शक्य होत नाही. या पत्रकात ती उत्तरे एकत्र दिली आहेत.

सातेरी मधमाशी आणि तिचा मध

सातेरी ही इथल्या जंगलातलीच माशी आहे. झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत ती समांतर पोळी बांधते आणि म्हणूनच तिला लाकडी पेटीत ठेवता येते. आग्या माशी उघड्यावर, उंच कड्यांवर किंवा इमारतींच्या सज्जांखाली एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. बाजारात सहज मिळणारा पेटीतला मध मुख्यतः युरोपीय मेलिफेरा जातीच्या माश्यांचा असतो. या माश्यांच्या पेट्या ट्रकमधून एका पिकाकडून दुसऱ्या पिकाकडे हलवल्या जातात आणि चांगल्या व्यवस्थापनात एका पेटीतून वर्षाला २५ ते ४० किलो मध मिळू शकतो. सातेरीच्या पेटीतून वर्षाकाठी साधारण ५ ते १० किलोच मध निघतो, तोही फुलोरा चांगला असेल तर. आमचा मध महाग का आणि तो मे महिन्यातच का संपतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतांशी या आकड्यांत आहे.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, तेव्हापासून या भागातील मधाची चौकशी बरीच वाढली. चौकशी वाढली म्हणून रानातली जांभळे आणि हिरडे वाढत नाहीत, एवढे मात्र ग्राहकांनी ध्यानात घ्यावे.

मार्च आणि एप्रिलमध्ये इथे जांभूळ फुलते. जांभळाचा मध गडद रंगाचा असतो आणि गोडीच्या मागून जिभेवर किंचित तुरटपणा येतो. त्यानंतर, एप्रिल संपता संपता आणि मे महिन्यात, हिरड्याचा बहर येतो. सोबत गेळ्यासारखी इतर रानझाडेही फुललेली असतात. हंगामाच्या अखेरच्या मधात हे सगळेच मिसळलेले असते. माशी कोणत्या फुलावर जाते हे ठरवणे आमच्या हाती नाही, म्हणून या काळातील बाटल्यांवर आम्ही ‘रानफुलांचा मध’ एवढेच लिहितो. पेट्यांभोवती जांभळाचाच बहर जोरात असताना काढलेला मध आम्ही वेगळा साठवतो आणि तेवढ्याच बाटल्यांवर जांभळाचे नाव घालतो. कारवीच्या मधाची मागणी मात्र कृपया नोंदवू नये. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा, तीही पावसाळा सरताना फुलते. तो मध ज्या वर्षी मिळेल त्या वर्षी आम्ही स्वतःहून कळवतो.

मध उशिरा का निघतो

फुलातून माशी जो रस आणते तो मध नसतो. त्यात निम्म्याहून अधिक, काही फुलांच्या बाबतीत तर तीनचतुर्थांश पाणीच असते. कामकरी माश्या तो रस पोळ्याच्या षटकोनी घरांत पातळ थराने पसरतात, रात्रभर पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवतात, आणि तो पुरेसा दाट झाला की त्या घरावर मेणाचे पातळ पांढरे टोपण बसवतात. हे टोपण म्हणजे मध तयार झाल्याची खूण होय. पेटीच्या वरच्या भागात, म्हणजे मधकोठीत, ज्या चौकटीची किमान तीनचतुर्थांश घरे अशी बंद झालेली असतात तीच चौकट आम्ही काढतो. शंका आल्यास चौकट आडवी धरून तिला खाली एक झटका देतो. उघड्या घरांतून थेंब उडाले तर रस अजून कच्चा आहे असे समजून ती चौकट पुन्हा पेटीत ठेवली जाते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिली जाते.

कोरड्या हवेत हे काम भराभर होते. मे महिन्याच्या उत्तरार्धात मात्र दुपारनंतर आभाळ भरून येते, वळवाच्या सरी पडतात, हवेत दमटपणा वाढतो आणि माश्यांनी कितीही वारा घातला तरी पाणी लवकर उडत नाही. जोरदार सर फुलांतला रसही धुऊन नेते, त्यामुळे पुढचा दिवस-दोन दिवस माश्या जवळजवळ रिकाम्याच परततात. शिवाय मध स्वतः हवेतली ओल शोषून घेतो. दमट दिवशी चौकटी उघड्या ठेवून मध काढला तर पक्का मधही पातळ होतो. म्हणून पाऊस झालेल्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मध काढत नाही. ग्राहकाला सांगितलेली तारीख पुढे जाते ती बहुतेक वेळा याच कारणाने. कच्चा मध काढून तारीख पाळणे सोपे आहे, पण तो मध महिन्या-दोन महिन्यांत आपल्याच कपाटात आंबेल.

प्रत्येक घाण्यातील, म्हणजे एका वेळी काढलेल्या मधातील, पाण्याचा अंश आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर मोजतो. घाटातल्या सातेरीच्या मधात हा अंश मुळातच थोडा जास्त असतो, म्हणून २० टक्क्यांपेक्षा अधिक अंश आढळलेला घाणा बाटलीत भरला जात नाही. तो आम्ही घरी लवकर वापरून टाकतो किंवा पावसाळ्यात त्याच पेट्यांना परत देतो.

मध काढण्याची पद्धत थोडक्यात अशी : गरम पाण्यात बुडवून कोरड्या पुसलेल्या सुरीने मेणाची टोपणे तासली जातात, चौकटी मधयंत्रात उभ्या लावून फिरवल्या जातात आणि मध यंत्राच्या भिंतीवर उडून तळाशी जमतो. पोळे मोडत नाही, ते पुन्हा माश्यांना मिळते. हे सर्व जाळी लावलेल्या बंद खोलीत करावे लागते, कारण हंगाम सरत आला की रानात रस कमी होतो आणि मधाच्या वासावर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटीला येतात. एकदा लूट सुरू झाली की दुबळ्या पेटीतल्या माश्या लढण्यातच मरतात. पुढे मध दुहेरी कापडातून गाळून स्टीलच्या पिंपात निवत ठेवला जातो. तो गाळला जावा इतपत, म्हणजे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, कोमट पाण्यात पिंप ठेवून ऊब दिली जाते. यापेक्षा अधिक तापवल्यास मध दिसायला चकचकीत आणि बरेच दिवस पातळ राहतो, परंतु त्याचा वास उडतो, आणि वास नसलेला रानमध घेण्यात काय अर्थ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेटीत राहणारा मध आणि साखरेचा पाक

जून ते सप्टेंबर या काळात महाबळेश्वर परिसरात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि पडल्या तरी फारसे काही मिळत नाही. सातेरी उपाशी राहून टिकत नाही. साठा संपला तर सबंध वसाहत राणीसह पेटी सोडून उडून जाते, आणि मागे राहिलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. म्हणून पेटीच्या खालच्या भागात, जिथे अंडी आणि अळ्या वाढतात, तिथला मध आम्ही कधीही काढत नाही, आणि अखेरच्या फेरीत मधकोठीतल्याही काही भरलेल्या चौकटी तशाच ठेवतो. ‘अजून पेट्यांत मध आहे ना, मग एक बाटली द्याच’ असा आग्रह जूनमध्ये हमखास होतो. तो मध माश्यांचा पावसाळ्याचा शिधा आहे आणि तो विक्रीस नाही.

भर पावसात साठा कमी पडलेल्या वसाहतींना आम्ही साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक देतो. हे आम्ही लपवत नाही, कारण सह्याद्रीत सातेरी पाळणाऱ्याला ते टाळता येत नाही. प्रश्न पाक द्यावा की नाही हा नसून तो केव्हा द्यावा हा आहे. मधकोठी पेटीवर असताना पाक दिला तर माश्या तोही तिथेच साठवतात आणि तो मधाच्या नावाने बाटलीत जातो. आमच्याकडे विक्रीसाठीच्या सर्व मधकोठ्या उतरवल्यावरच पाक दिला जातो आणि नवा फुलोरा सुरू होण्यापूर्वी तो थांबवला जातो. मध कोणाकडूनही घ्या, पण हा प्रश्न जरूर विचारा.

बाटली हाती आल्यावर

मध पाण्यापेक्षा जड असतो. अर्ध्या लिटरच्या भांड्यात तो सुमारे ७०० ग्रॅम मावतो. त्यामुळे ५०० ग्रॅमची बाटली लहान दिसते, पण वजन पुरे असते. बाटली फ्रीजमध्ये ठेवू नये. स्वयंपाकघरातील कोरड्या, उन्हापासून दूरच्या फळीवर ठेवावी आणि चमचा पूर्ण कोरडा वापरावा. विशेषतः पावसाळ्यात झाकण सैल राहिले तर मध ओल धरतो, वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. न उघडलेल्या बाटलीत असे आढळल्यास आम्ही ती बदलून देतो.

थंडीत मध थिजून त्याचे दाणे होतात. यात भेसळीचा काही संबंध नाही. मधातील द्राक्षशर्करा स्फटिकरूप घेते आणि तिचे प्रमाण ज्या मधात जास्त तो लवकर थिजतो. थिजलेला मध पोळीला लावून तसाच खाता येतो. पातळ हवा असल्यास झाकण सैल करून बाटली हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवावी, पाणी निवले की बदलावे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये.

शुद्धतेच्या घरगुती परीक्षा, म्हणजे पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणे, काडी मधात बुडवून पेटवणे, टिपकागदावर डाग पडतो का पाहणे, या विश्वासार्ह नाहीत. त्या मुख्यतः दाटपणा मोजतात. दाट साखरपाक त्यात सहज उत्तीर्ण होतो आणि घाटातला खरा पण पातळसर मध नापास होतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील मधाची तपासणी जाहीर केली तेव्हा दिसले ते हेच, की नेहमीच्या प्रयोगशाळांच्या चाचण्याही चुकवता येतील असे साखरपाक उपलब्ध आहेत. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करावी. त्यासाठी त्याच घाण्यातील नमुना आम्ही विनामूल्य देतो.

एक सूचना मात्र कोणत्याही मधाला, आमच्याही, लागू आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. जन्मल्यावर मध चाटवण्याची किंवा बाळगुटी मधात उगाळण्याची रीत अनेक घरांत आहे, परंतु मधात क्वचित असणारे बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू इतक्या लहान आतड्यात वाढून गंभीर आजार होऊ शकतो. मध शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही. मधुमेह असणाऱ्यांनीही मध ही शेवटी साखरच आहे हे लक्षात घेऊन डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

मागणी आणि भेटी

मागणी मार्चपासून नोंदवली जाते आणि मध नोंदणीच्या क्रमानेच दिला जातो. सांगितलेली तारीख अंदाजाची असते, पक्की तारीख आम्ही देत नाही. आपला घाणा बाटलीत भरला की संदेश पाठवला जातो आणि नंतर चार-पाच दिवसांत पार्सल निघते. पावसामुळे मध कमी निघाल्यास क्रमात मागे असलेल्यांचे पूर्ण पैसे परत केले जातात. बाहेरून मध विकत घेऊन उणीव भरून काढली जात नाही. दुकानदारांना आणि एकगठ्ठा भेटवस्तू म्हणून मध हवा असणाऱ्यांना मे महिन्यात नकार द्यावा लागतो, याबद्दल दिलगीर आहोत.

उन्हाळी सुट्टीत मुलांना पेट्या दाखवण्यासाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी एप्रिलपर्यंत, सकाळच्या वेळी, आधी कळवून यावे. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि अत्तर लावू नये. पहिल्या वळवानंतर रस आटल्यामुळे माश्या चिडखोर होतात, त्यामुळे त्या सुमारास भेटी बंद असतात. ज्यांना स्वतः मधपालन शिकायचे आहे त्यांच्यासाठी महाबळेश्वरचे मधसंचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था येथे प्रशिक्षणाची सोय आहे. आमच्याकडे हंगामात शिकवण्याइतकी उसंत नसते.

प्रत्येक बाटलीच्या बुडाशी घाण्याचा क्रमांक आणि मध काढल्याचा महिना लिहिलेला असतो. तक्रार किंवा विचारणा करताना तो क्रमांक कळवावा, म्हणजे तो मध कोणत्या उतारावरच्या पेट्यांतून आला आणि त्यातला पाण्याचा अंश किती होता, हे आम्हाला नोंदवहीतून लगेच सांगता येईल.