अन्नपूर्णा सर्किटला मित्रांसोबत जाताना: कोणाला कोणता परवाना, कोणते कागद

अन्नपूर्णा सर्किट हा नेपाळमधला ट्रेक, आणि नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. त्यामुळे ‘आधार आहे ना, मग झालं’ म्हणणारा एखादा तरी भिडू गटात निघतोच, आणि तो विमानतळावरच अडतो. 15 ते 65 वयाच्या भारतीय नागरिकाला विमानाने नेपाळला जायचे तर वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, यांपैकी एक हवे. आधार, पॅन, गाडीचे लायसन्स यांवर भागत नाही. 65 वर्षांवरच्या आणि 15 वर्षांखालच्या प्रवाशांना मात्र फोटो असलेले दुसरे ओळखपत्र चालते, त्यात आधारही आले. 15 ते 18 मधल्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे विहित नमुन्यातले ओळख प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. नोकरीनिमित्त दुबई-सिंगापूरला असलेला मित्र तिथूनच काठमांडूला येणार असेल, तर त्याला पासपोर्टच लागेल.

मूळ कागद बरोबर हवा, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो नव्हे. परतीच्या विमानातही तोच दाखवायचा असतो.

नावाचा घोळ

परवान्यापेक्षा जास्त अडचणी नावामुळे येतात. आपल्याकडे मतदार कार्डावर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एका पद्धतीने, पासपोर्टवर दुसऱ्या पद्धतीने, आणि विमानाच्या तिकिटावर फक्त नाव-आडनाव असते. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचे आणि मतदार कार्डावर सासरचे आडनाव, ही तर नेहमीचीच गोष्ट. एकाने सगळ्यांची तिकिटे काढली आणि नावे व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलली, की गोंधळ पक्का. म्हणून तिकीट काढण्याआधी प्रत्येकाकडून कोणता कागद नेणार ते लेखी घ्यावे, आणि तिकीट, परवाना, विमा या तिन्हींवर त्याच कागदावरचे नाव आणि तोच क्रमांक टाकावा. दोन्ही कागद असतील तर पासपोर्ट निवडावा. अर्जात पासपोर्ट क्रमांकाचा रकाना असतो, आणि पुढे एखाद्या प्रतिबंधित क्षेत्रात जायचे ठरले तर पासपोर्टच मागतात.

दोन परवाने

पहिला अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा प्रवेश परवाना, ज्याला तिथे सगळे अ‍ॅकॅप म्हणतात. 7,629 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र राष्ट्रीय प्रकृति संरक्षण कोष सांभाळतो. सार्क देशांच्या नागरिकांना माणशी 1000 नेपाळी रुपये, बाकीच्या परदेशी लोकांना 3000, आणि 10 वर्षांखालच्या मुलांना काही नाही. सवलत पासपोर्ट पाहून मिळते, चेहरा पाहून नाही. गटातला एखादा मित्र अमेरिकन नागरिक झाला असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असूनही त्याला 3000 च भरावे लागतात. शिवाय त्याला नेपाळचा व्हिसाही लागतो. तो विमानतळावर उतरल्यावर मिळतो: 15 दिवसांचा 30 डॉलर, 30 दिवसांचा 50 डॉलर. पूर्ण सर्किटला त्याने 30 दिवसांचाच घ्यावा. वाटेतली थोरुंग ला ही खिंड बर्फाने बंद झाली की दोन-तीन दिवस सहज जातात.

दुसरा टिम्स, म्हणजे ट्रेकर्सची नोंदणी. 1 एप्रिल 2023 पासून नियम बदलले. आता हे कार्ड नोंदणीकृत ट्रेकिंग एजन्सीमार्फत काढायचे असते आणि परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाइड घ्यावा अशी अट आहे. सार्क नागरिकांना 1000, इतरांना 2000 नेपाळी रुपये. चौकीवर काही वेळा नुसता अ‍ॅकॅप पाहून सोडतात, हे ऐकून बरेच जण टिम्स टाळतात. वाचतात ते सहाशे-सव्वासहाशे भारतीय रुपये, आणि शोधमोहिमेची वेळ आली तर आपली नोंद कुठेच नसते. हा सौदा आम्हाला पटत नाही. गाइड ठरवताना एजन्सीला त्याच्या विम्याबद्दल विचारावे. पोर्टर घेतला तर त्याच्याही.

अर्ज कुठे, कसा

काठमांडूत भृकुटीमंडपजवळच्या नेपाळ पर्यटन मंडळाच्या इमारतीत आणि पोखऱ्यात डॅमसाइडला अ‍ॅकॅपचे काउंटर आहेत. कोषाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. फॉर्ममध्ये नाव, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, कागदाचा क्रमांक, कुठून आत शिरणार, कुठून बाहेर पडणार, कधी, आणि अडीअडचणीला कळवायचे कोणाला, एवढेच भरायचे असते. संपर्काच्या रकान्यात बरोबरच्याच मित्राचे नाव लिहू नका. घरचे, फोन उचलणारे माणूस हवे.

अ‍ॅकॅपला दोन पासपोर्ट आकाराचे फोटो, टिम्सला दोन, स्थानिक सिमकार्डाला एखादा. माणशी सहा फोटो घेतले की काळजी नाही. शुल्क नेपाळी रुपयांत रोख ठेवा. 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी हा दर ठरलेला आहे. भारतातून रोकड नेताना 100 च्या नोटा सर्वांत बिनघोर, कारण मोठ्या नोटांवर तिथे अनेक वर्षे बंधने होती आणि दुकानदार अजून बिचकतात.

नेपाळमध्ये आठवड्याची सरकारी सुट्टी शनिवारी असते, आणि दशैं-तिहार, म्हणजे तिथले दसरा-दिवाळी, नेमके ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ऐन हंगामात येतात. शुक्रवारी संध्याकाळी काठमांडूला उतरून शनिवारी ट्रेक जिथून सुरू होतो त्या बेसीसहरची गाडी पकडायचा बेत असेल, तर परवाना आधीच हातात हवा. तो न काढता चौकीपर्यंत गेलात तर दुप्पट शुल्क बसते.

परवाना कशाला पुरतो

अ‍ॅकॅप एका प्रवेशापुरताच असतो, आणि ही अट लोक हमखास विसरतात. बेसीसहरहून चढून धारापानी, चामे, मनांग, 5416 मीटरवरचा थोरुंग ला, मुक्तिनाथ, जोमसोम, एवढ्याला एक परवाना पुरतो. मनांगहून तिलिचो तलावाचा फाटा त्याच क्षेत्रात असल्याने वेगळे काही लागत नाही. पण जोमसोमहून पोखऱ्याला उतरून, दोन दिवस आराम करून पुन्हा अन्नपूर्णा बेस कॅम्पकडे निघालात, तर नवा परवाना आणि नवे पैसे. हस्तांतर नाही, परतावा नाही. ऐनवेळी गळालेल्या मित्राच्या परवान्यावर दुसऱ्याला नेता येत नाही, त्यामुळे आठ जणांचे परवाने महिनाभर आधी काढून ठेवण्यात शहाणपण नाही. सगळे काठमांडूत पोचले की काढावेत.

कोणाचे आईवडील जीपने थेट मुक्तिनाथला दर्शनाला येऊन तिथे भेटणार असतील, तर त्यांनाही अ‍ॅकॅप लागतो. यात्रेकरू म्हणून सूट नाही.

कोटोहून वर नार-फू खोरे आणि कागबेनीच्या उत्तरेला वरचे मुस्तांग ही प्रतिबंधित क्षेत्रे आहेत. त्यांचा परवाना इमिग्रेशन विभागाचा, शुल्क डॉलरमध्ये, सार्क सवलत नाही, आणि एजन्सीशिवाय अर्जच होत नाही. वाटेत मूड आला म्हणून वळता येत नाही. कोटोची चौकी परत पाठवते. ड्रोन नेणार असाल तर त्याची परवानगी आणखी वेगळी, नागरी उड्डाण प्राधिकरणाकडून, आणि ती मिळवण्यात जाणारा वेळ पाहता बहुतेक गटांनी ड्रोन घरीच ठेवावा.

विमा आणि हरवलेला कागद

परवान्यासाठी विमा दाखवावा लागत नाही, तरी तो काढावाच. मात्र पॉलिसीतली उंचीची अट वाचा. कित्येक साध्या प्रवास विम्यांत ठरावीक मीटरच्या वर ट्रेकिंग धरत नाहीत. थोरुंग ला 5416 आहे, तेव्हा किमान 5500 मीटर आणि हेलिकॉप्टर बचाव हे दोन्ही उल्लेख स्पष्ट हवेत. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला कळवले नाही तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून पॉलिसी क्रमांक आणि मदतीचा नंबर गाइडसह प्रत्येकाकडे कागदावर लिहिलेला असावा.

मूळ पासपोर्ट किंवा मतदार कार्ड हरवले तर आधी जवळच्या पोलीस चौकीत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग काठमांडूत लैनचौरला भारतीय दूतावासात जा. परत येण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र तिथे मिळते. त्यासाठी फोटो आणि नागरिकत्व दाखवणाऱ्या कागदाची प्रत लागते. इथे आधी निकामी ठरलेली झेरॉक्स कामी येते, फक्त ती मूळ कागदाच्या पाकिटात न ठेवता दुसऱ्याच्या सॅकमध्ये असली पाहिजे.