दातांची कणीक

गेल्या आठवड्यात मी सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका किराणा दुकानात उभा असताना शेजारच्या बाईंनी टूथपेस्टची ट्यूब उलटी करून तिचे टोक निरखले आणि दुकानदाराला सांगितले, "ही नको भाऊ, हिचा चौकोन काळा आहे. हिरव्या चौकोनाची द्या." काळा चौकोन म्हणजे केमिकल आणि हिरवा म्हणजे नैसर्गिक, असा निरोप मोबाईलवर अनेक वर्षे फिरतो आहे आणि तो साफ खोटा आहे. कारखान्यात ट्यूब कुठे कापायची व कुठे चिकटवायची हे यंत्राच्या प्रकाशसंवेदकाला कळावे, म्हणून ती खूण छापतात. भोवतालच्या रंगात ती उठून दिसावी, एवढीच तिच्या रंगाची अट असते.

ट्यूबच्या टोकापेक्षा तिच्या आत जे आहे ते कितीतरी अधिक कुतूहलाचे आहे. 'टूथपेस्ट' हा पूर्ण शब्द आपल्याकडे वेष्टणावरच राहतो. घरात आपण नुसते 'पेस्ट' म्हणतो, किंवा कंपनी कोणतीही असली तरी 'कोलगेट' म्हणतो. त्याआधी इथे राखुंडी होती, दंतमंजन होते, आणि तोंडाच्या कर्करोगाला निमंत्रण देणारी, भाजलेल्या तंबाखूची मिश्रीही होती, जी दुर्दैवाने अजून पुरती गेलेली नाही. या सगळ्या कोरड्या पुडी होत्या. 'पेस्ट' हा इंग्रजी शब्द मात्र जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ होता कणीक. परातीत मळून ठेवलेला कणकेचा गोळा आपणहून पसरत नाही, पण दाबला की हवा तसा वळतो; दातांच्या या कणकेचेही सारे मर्म तेच आहे.

पेस्टमध्ये दात घासणारी कॅल्शियम कार्बोनेटची किंवा सिलिकाची बारीक पूड असते, ओलावा धरणारे ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल असते, पाणी, फेस आणणारा पदार्थ आणि बहुतेक पेस्टमध्ये दातांचे कवच आम्लापुढे टिकाऊ करणारे फ्लोराइडही असते. या सर्वांना बांधून ठेवतो तो डिंकासारखा, लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ. या साखळ्या आणि पुडीचे कण मिळून सगळ्या पेस्टभर एक नाजूक जाळे विणतात.

ते जाळे काय करते हे पाहायचे असेल, तर स्टीलच्या ताटलीत एका बाजूला मधाचा थेंब आणि दुसऱ्या बाजूला वाटाण्याएवढी पेस्ट ठेवून ताटली तिरपी करावी. मध दाट असूनही लगेच ओघळू लागतो, पण पेस्ट जागची हलत नाही. दाटपणा आणि न वाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध कितीही कमी ताणाखाली वाहतो, फक्त सावकाश वाहतो. पेस्ट मात्र ताण एका ठरावीक मर्यादेपलीकडे जाईपर्यंत घन पदार्थासारखी वागते, आणि ती मर्यादा ओलांडली, म्हणजेच जाळे तुटले, की द्रवासारखी वाहते. या मर्यादेला आपण उंबरठा-ताण म्हणू. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी चिकणमाती आणि रंग यांच्या मिश्रणांत हा गुण अभ्यासला, म्हणून अशा पदार्थांना बिंगहॅम यांचेच नाव मिळाले. २०१९ च्या महापुरानंतर ज्या सांगलीकरांनी घरातला कृष्णेचा गाळ फावड्याने लोटून बाहेर काढला, त्यांनी हा उंबरठा स्वतःच्या हातांनी अनुभवला आहे.

पेस्टचा उंबरठा-ताण साधारण १०० ते २०० पास्कल असतो. हवेचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल असतो हे लक्षात घेतले, तर हा ताण अगदी किरकोळ वाटतो. पण १५० पास्कल धरून गणित केले, तर उभ्या भिंतीवर लावलेला सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा थरही स्वतःच्या वजनाने ओघळणार नाही. ब्रशवरची पेस्ट केसांमध्ये न झिरपता वर उभी राहते ती यामुळेच. पुडीचे कण वर्ष-दोन वर्षे तळाशी बसत नाहीत, तेही यामुळेच, कारण एकेका सूक्ष्म कणाचे वजन जाळे तोडायला फारच अपुरे पडते.

ट्यूब दाबल्यावर जे घडते ते मला सर्वांत सुंदर वाटते. तिच्या तोंडातून पेस्ट निघताना ताण सगळीकडे सारखा नसतो. कडेला तो सर्वाधिक असतो, आत जाताना कमी होत जातो आणि बरोबर मध्यावर शून्य होतो. त्यामुळे उंबरठा ओलांडला जातो तो फक्त कडेलगतच्या थरात. तेवढाच थर सरकतो, आणि त्याच्या वंगणावरून मधला सगळा भाग, आतून जराही न ढवळता, अखंड कांडीसारखा बाहेर येतो. रंगीत रेघांच्या पेस्टमधल्या रेघा एकमेकींत मिसळत नाहीत, त्याचे हे एक कारण आहे.

मधाची बाटली रात्रभर उलटी ठेवली की सकाळी उरलासुरला मध झाकणापाशी गोळा झालेला असतो. पेस्टची ट्यूब आठवडाभर उलटी टांगली, तरी आतल्या बाजूंना चिकटलेला पातळ थर स्वतःच्या वजनाने उंबरठा ओलांडत नाही. तो ताण बोटांनीच द्यावा लागतो, आणि म्हणून ट्यूब शेपटाकडून गुंडाळत आणावी लागते.