पिशवी ठेवायची की काढायची?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मोती परत आला.’ पण काढून टाकलेला मोतीबिंदू परत येत नाही. गढूळ होते ती मूळ भिंगाभोवतीची पिशवी, जिच्यात सर्जनने कृत्रिम भिंग बसवलेलं असतं. तिची मागची बाजू मधोमध जेमतेम 4 मायक्रॉन जाड. डॉक्टर तिला ‘मागचा पडदा’ म्हणतात आणि पेशंट दृष्टिपटलाचंच काही झालं असं समजून हबकतो. या पिशवीचं काय करायचं, हा प्रश्न पावणेतीनशे वर्षं जुना आहे. आज निघणारी नवी इम्प्लांट्स त्याच प्रश्नातून आली आहेत.

हा प्रश्न उभा राहण्याआधी गढुळलेलं भिंग सुईने डोळ्यातच मागे ढकलून देत. 1747मध्ये झाक दाव्हिएल या फ्रेंच सर्जनने ते छेद घेऊन बाहेर काढलं. पिशवीची मागची बाजू मात्र आतच राहिली आणि पुढे गढुळली. मग पिशवीसकटच भिंग काढावं असा विचार जोर धरू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जालंधरला हेन्री स्मिथ नावाचा लष्करी डॉक्टर बाहेरून डोळा दाबून अख्खं भिंग अलगद बाहेर आणायचा. त्याने अशी हजारो ऑपरेशनं केली. पडद्याची कटकट संपली, पण भिंगाची जागाही गेली. आपल्याकडच्या शिबिरांतून ऑपरेशन करून आलेल्या आजोबांचे ते सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे पुष्कळांना आठवत असतील. ते याच पद्धतीचे.

29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवून पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळ्यांनी ते सोसले होते. त्यावरून हे सुचलं. पण भिंग ठेवायचं तर त्याला बैठक हवी, म्हणजे पिशवी हवी. ती परत आली आणि तिच्यासोबत जुनं दुखणंही आलं.

कारण साधं आहे. ऑपरेशन कितीही सफाईने केलं तरी पिशवीच्या कडेला काही पेशी चिकटून राहतात. त्या वाढतात आणि मागच्या बाजूवरून मध्याकडे सरकतात. लहान मुलांत हे इतक्या हमखास होतं की सर्जन बहुधा त्याच बैठकीत मागच्या बाजूला भोक पाडून ठेवतात.

1980च्या सुमारास पॅरिसमध्ये दानियेल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झ फांकहाउझर यांनी याग लेझर या कामाला लावला. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, टिक-टिक आवाज होतो, पडद्याला मधोमध खिडकी पडते. काही मिनिटांचं काम. तरी तो अगदी निर्धोक नाही: डोळ्याचा दाब चढू शकतो, भिंगावर खड्डे पडू शकतात, क्वचित दृष्टिपटल सुटतं. शिवाय शिबिरात ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा तालुका-जिल्ह्याची वारी.

तेव्हा पेशींना वाटेतच अडवायचं. ओसाकाचे ओकिहिरो निशी यांनी 1990च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की भिंगाची कड गोल न ठेवता धारदार ठेवली, तर पिशवी तिथे मुडपते आणि पेशींना वळण ओलांडता येत नाही. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा शोध वाटतो. औषध नाही, यंत्र नाही, नुसता एक कोन! आज बहुतेक भिंगांच्या कडा धारदार असतात. त्याच तत्त्वावर निशींनी पिशवीत घालायची एक कडीही केली. कड्या त्याआधीही होत्या. 1991मध्ये जपानमध्येच सिलिकॉनची कडी पुढे आली होती, ती पिशवीचा गोल आकार टिकवण्यासाठी. पुढे सैल झालेली पिशवी ताणून धरायला अशा कड्या रुळल्या.

धारेने प्रमाण घटलं, प्रश्न संपला नाही. बेल्जियममध्ये मारी-जोझे तासिन्यों यांनी उलट वाट धरली. पुढे-मागे दोन्हीकडे भोकं पाडून त्यांच्या कडा भिंगाच्या खाचेत बसवायच्या, सायकलच्या रिममध्ये टायर बसावा तशा. पेशी आत कोंडल्या जातात, मध्यापर्यंत पोचायला वाटच उरत नाही.

सध्याच्या नव्या उपकरणांमागचा विचार आणखी वेगळा आहे. पिशवीच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटू द्यायच्याच नाहीत. त्या फाकलेल्या राहिल्या आणि आतून डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) खेळत राहिलं, तर पेशींची वाढ मंदावते असं दिसतं. यूटा विद्यापीठात लिलियाना वर्नर यांच्या गटाने 2011मध्ये तबकडीसारख्या भिंगाने सशांची पिशवी अशी उघडी ठेवली, आणि ती नेहमीच्या भिंगापेक्षा पुष्कळ स्वच्छ राहिली. त्यानंतर पिशवीत आधी एक पोकळ चौकट आणि तिच्यात हवं ते भिंग, अशा रचनाही आल्या. पुढे भिंग बदलायची वेळ आली तर चौकट तशीच राहील, हा त्यातला जादा फायदा. सशाच्या डोळ्यात पडदा काही आठवड्यांतच जमतो, म्हणून तिथे निकाल लवकर हाती येतो. माणसाच्या डोळ्यात त्यासाठी वर्षं मोजावी लागतात.