बॉस्टनचा सीझफायर आणि शिकागोचा सीझफायर

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या अर्थसंकल्पात ‘सामुदायिक हिंसाचार प्रतिबंध’ या शीर्षाखाली काही कोटी डॉलर ठेवलेले असतात. हा पैसा पोलिसांच्या हाती जाणार की पोलिसांपासून चार हात लांब राहणाऱ्या माणसांच्या, हे त्या शीर्षावरून कळत नाही. त्याखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात आणि दोन्हींचं मूळ नाव एकच होतं: सीझफायर, म्हणजे शस्त्रसंधी. एक बॉस्टनमध्ये १९९६ साली सुरू झालं, दुसरं शिकागोत २००० साली. गोळीबार थांबवायचा, सगळ्या वस्तीऐवजी मूठभर तरुणांकडे लक्ष द्यायचं आणि त्यांना ओळखणारी माणसं रस्त्यावर उतरवायची, एवढं दोन्हींत समान आहे. त्यामुळे वर्तमानपत्रांपासून विधिमंडळातल्या भाषणांपर्यंत त्यांची सरमिसळ होते. एकाच्या यशाचे आकडे दाखवून दुसऱ्यासाठी पैसे मागितले जातात, आणि एक फसलं की दुसऱ्याच्या नावानेही बोटं मोडली जातात.

फरक ओळखायचा असेल तर एकच बघावं: टोळीतल्या पोरांशी बोलणं चाललेलं असताना त्या खोलीत पोलिस बसलेले असतात का? बॉस्टनच्या पद्धतीत असतात, आणि ते असावेच लागतात. शिकागोच्या पद्धतीत ते दिसले तर काम तिथेच संपतं.

आधी बॉस्टन. क्रॅक-कोकेनच्या लाटेत तिथे २४ वर्षांपर्यंतच्या मुलांचे खून झपाट्याने वाढले. १९८७मध्ये २२ होते, १९९०मध्ये ७३ झाले. पुढची पाच वर्षं सरासरी ४४ राहिली. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधले डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि अ‍ॅन पील यांनी पोलिस, प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारे) आणि रस्त्यावरचे कार्यकर्ते यांना एका टेबलाभोवती बसवलं आणि कुठली टोळी कुठल्या गल्लीत आहे, तिचं कुणाशी वैर आहे, याचा नकाशा काढला. ६१ टोळ्या निघाल्या आणि त्यांत सुमारे १३०० पोरं. म्हणजे शहरातल्या त्या वयाच्या मुलांपैकी एक टक्काही नाही, पण तरुणांच्या किमान ६० टक्के खुनांशी त्यांचा संबंध होता. मारणारे आणि मरणारे बहुतेक एकाच गोतावळ्यातले, आणि दोघांचीही नावं पोलिसांच्या दफ्तरी आधीपासून होती.

त्यावरचा उपाय आजही अनेकांना विचित्र वाटतो. मे १९९६मध्ये प्रोबेशनवर असलेल्या टोळीवाल्यांना बोलावून घेतलं गेलं. समोर पोलिस, सरकारी वकील आणि संघराज्य सरकारचे अधिकारी होते. सोबत ‘टेन पॉइंट कोअलिशन’चे कृष्णवर्णीय पाद्री आणि समाजसेवक. निरोप सरळ होता. तुम्ही कोण आहात ते आम्हाला माहीत आहे. यापुढे तुमच्यातल्या एकाने जरी गोळी झाडली तरी हिशेब अख्ख्या टोळीकडून घेतला जाईल: जुनी वॉरंटं, प्रोबेशनच्या अटी, नाक्यावरची गर्दविक्री, सगळं काही. आणि यातून बाहेर पडायचं असेल तर नोकरीसाठी, शिक्षणासाठी कुणाला भेटायचं तेही आजच सांगतो. एक पत्रकही वाटलं गेलं. त्यावर एका कुख्यात टोळीवाल्याची हकिगत होती. त्याच्याकडे फक्त एक काडतूस सापडलं होतं, पण आधीच्या गुन्ह्यांमुळे संघराज्य न्यायालयाने त्याला जवळजवळ वीस वर्षांची शिक्षा ठोठावली, तीही पॅरोलशिवाय. ऑगस्टमध्ये ‘इंटरव्हेल पॉसी’ या टोळीवर मोठी धाड पडली आणि हा नुसता दम नव्हता हे बाकीच्यांना कळलं.

मराठी वाचकाला इथे तडीपारीची नोटीस किंवा चॅप्टर केस आठवेल. पण तिथे इशारा एकट्याला मिळतो, आणि तडीपार झालेल्याला हद्दीबाहेर जावं लागतं. बॉस्टनमध्ये कुणाला हद्दीबाहेर काढलं नाही. ‘इथेच राहा, पण गोळी नको’ एवढीच अट होती, आणि ती पाळली जावी म्हणून टोळीतल्या पोरांचा एकमेकांवरचा दाबच वापरला होता. एकाच्या मूर्खपणामुळे सगळ्यांचा धंदा बसणार असेल, तर त्याला आवरायचं काम बाकीचे आपोआप करतात. या पद्धतीचं आजचं नाव ‘फोकस्ड डिटरन्स’, म्हणजे मोजक्याच लोकांवर रोखलेला धाक.

मूल्यमापनात तरुणांच्या खुनांचं मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्या काळात देशभरच गुन्हे कमी होत होते, म्हणून या आकड्यावर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण पुढे इतर शहरांतही याच दिशेचे निष्कर्ष आले. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये २०१२च्या अखेरीस हीच पद्धत नव्याने उभी राहिली आणि तिथे बंदुकीने होणाऱ्या खुनांत ३१ टक्के घट तिच्यामुळे झाल्याचं अभ्यासकांना आढळलं. पुराव्याच्या बाबतीत मी तरी बॉस्टनचं पारडं जड मानतो.

शिकागोची सुरुवात पोलिसांच्या दफ्तरातून झालीच नाही. गॅरी स्लटकिन हे साथरोगतज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोग, सोमालियात कॉलरा, मग जागतिक आरोग्य संघटनेत एड्स, असं काम करून ते अमेरिकेत परतले. शिकागोच्या गोळीबारांचे नकाशे त्यांना साथीच्या नकाशांसारखे दिसले: एका ठिकाणी गठ्ठा, तिथून पुढच्या गल्लीत, तिथून पुढे. एका खुनातून दुसरा निघतो. मग साथीत करतात तेच इथे करावं, संसर्गाची साखळी तोडावी. २०००मध्ये वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत काम सुरू झालं आणि २००४पासून त्यात ‘व्हायोलन्स इंटरप्टर’, म्हणजे हिंसाचार मधेच अडवणारे, आले. हे बहुतेक स्वतः कधीकाळी टोळीत असलेले, तुरुंगात वर्षं काढून आलेले लोक. २०१२मध्ये कार्यक्रमाचं नाव बदलून ‘क्युअर व्हायोलन्स’ झालं, पण सीझफायर हे नाव काही लोकांच्या तोंडून गेलं नाही.

इंटरप्टरचं काम बाहेरून फारसं दिसत नाही. कुणाला तरी गोळी लागते. हॉस्पिटलच्या बाहेर त्याचे भाऊ, मित्र जमतात आणि बदला कधी, कसा घ्यायचा याची बोलणी सुरू होतात. इंटरप्टर तिथे पोचतो. उपदेश करत नाही. आजची रात्र जाऊ दे म्हणतो. माघार घेतली तरी इज्जत जाणार नाही अशी वाट काढून देतो. दुसऱ्या बाजूलाही त्याचीच ओळख असते, म्हणून तिकडे निरोप पोचवतो. हे सगळं तो करू शकतो, कारण ऐकलेलं पोलिसांच्या कानावर जाणार नाही याची दोन्ही बाजूंना खात्री असते. खबऱ्या असल्याचा नुसता संशय आला तरी त्याचं काम संपलं, आणि जीवही धोक्यात. बॉल्टिमोरच्या ‘सेफ स्ट्रीट्स’ या याच धर्तीच्या कार्यक्रमाचे तीन कार्यकर्ते जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात गोळ्यांना बळी पडले.

या पद्धतीचा पुरावा मात्र विस्कळीत आहे. शिकागोतल्या काही वस्त्यांत गोळीबार १६ ते २८ टक्क्यांनी कमी झाल्याचं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या वेस्ली स्कोगन यांच्या अभ्यासात दिसलं. पिट्सबर्गमधल्या याच्याशी मिळत्याजुळत्या कार्यक्रमाचा खुनांवर काहीच परिणाम आढळला नाही. बॉल्टिमोरमध्ये एका वस्तीत यश आणि शेजारच्या वस्तीत अपयश, असंही झालं. यात नवल नाही. बॉस्टनचा कार्यक्रम पदांवर चालतो, शिकागोचा माणसांवर. ज्या वस्तीत योग्य माणूस मिळाला तिथे तो चालला. शिवाय टळलेला गोळीबार मोजायचा कसा? ‘या वर्षी अमुक इतके तंटे मिटवले’ असं संस्था अहवालात लिहितात, पण त्यांतले किती खरोखर खुनापर्यंत गेले असते हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पैशाचा प्रश्न या दोघांच्या बाबतीत पूर्ण वेगळा आहे, आणि राज्य सरकारं नेमकी इथेच चुकतात.

शिकागोच्या पद्धतीत खर्च म्हणजे जवळजवळ सगळे पगार. पगार बंद, काम बंद. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये हे दोनदा घडलं. २००७मध्ये गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांनी अर्थसंकल्पातून साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम छाटली आणि बहुतेक केंद्रांना टाळं लागलं. २०१५मध्ये गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी निधी गोठवला, आणि त्यानंतर राज्याचा अर्थसंकल्पच दोन वर्षं अडकून पडला. २०१६मध्ये शिकागोत साडेसातशेहून जास्त खून झाले. कार्यक्रमाचे समर्थक या दोन गोष्टींत थेट नातं जोडतात. मला ते तितकं सोपं वाटत नाही. नोव्हेंबर २०१५मध्ये एका किशोरवयीन मुलावर पोलिसाने गोळ्या झाडल्याचा व्हिडिओ बाहेर आला, पोलिसांवरचा उरलासुरला विश्वास उडाला, आणि जानेवारी २०१६पासून रस्त्यावर लोकांना थांबवून झडती घेण्याचं प्रमाणही एकदम खाली आलं. इतक्या गोष्टी एकाच वेळी घडत असताना एकाच कारणाकडे बोट दाखवता येत नाही. पण निधी थांबला तेव्हा नुसती कार्यालयं बंद झाली नाहीत, ओळखीपाळखीही तुटल्या, हे खरं. दोन वर्षांनी पैसा परत आला तरी तोच माणूस त्याच नाक्यावर परत येईल याची हमी नसते. अनेक सरकारी अनुदानांत संस्थेने आधी खर्च करायचा आणि मग बिलं पाठवून पैसे मिळवायचे अशीही पद्धत असते. ज्या संस्थेच्या खात्यात दोन महिन्यांचे पगारही नाहीत, तिने हे कसं करायचं?

बॉस्टनच्या पद्धतीचं उलट होतं. पोलिसांचा, वकिलांचा, प्रोबेशनवाल्यांचा पगार कुठूनतरी निघतोच. त्यामुळे कार्यक्रम स्वस्त वाटतो, आणि तो मोडला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. बॉस्टनमध्येच २०००च्या सुमारास काम ढिलं पडलं आणि खून पुन्हा वाढले. ओकलंडमध्ये २०२३-२४मध्ये झालेल्या तपासणीत आढळलं की नाव तेच राहिलं होतं, पण मूळ पद्धत शहराने कधीच पातळ करून टाकली होती. बैठका घेणं वेळखाऊ, मदतीचं वचन पाळणं महाग. धाड घालणं त्या मानाने सोपं, शिवाय त्याची बातमी होते. मग हळूहळू दम तेवढा उरतो आणि मदत गळते. शिकागोचा सीझफायर पैसा थांबला की मरतो. बॉस्टनचा पैसा चालू असतानाही मरतो.

म्हणून अनुदानाच्या अटी महत्त्वाच्या. कॅलिफोर्नियाच्या ‘कॅलव्हिप’ योजनेत शहराला मिळालेल्या रकमेपैकी निम्मी तरी पोलिसांव्यतिरिक्त इतरांकडे, मुख्यतः वस्तीतल्या संस्थांकडे, जावी लागते. ही अट वरवर हिशेबाची वाटते, पण तिच्यामुळे बॉस्टनच्या धर्तीचं काम करणाऱ्या शहरालाही मदतीचा हात कापून टाकता येत नाही. १ जुलै २०२४पासून राज्याने बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर ११ टक्के कर लावला. त्यातले पहिले साडेसात कोटी डॉलर दरवर्षी या योजनेला मिळायचे आहेत. निधीला कायमचा झरा मिळाला. बंदुका जितक्या जास्त खपतील तितका तो वाहणार, हा त्यातला विनोद. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड परिसरातल्या, मराठी मंडळींना तर हा वाद थेट मतपत्रिकेवर भेटतो: ओकलंडच्या मतदारांनी २०१४मध्ये ‘मेझर झेड’ मंजूर करून पोलिस आणि हिंसाचार प्रतिबंध या दोन्हींसाठी स्वतःवर कर लावून घेतला.

इलिनॉयने दोनदा हात पोळल्यावर वेगळी वाट धरली. २०२१च्या ‘रीइमॅजिन पब्लिक सेफ्टी’ कायद्याने बंदूक-हिंसाचार प्रतिबंधाचं कार्यालय थेट मानवसेवा खात्यात उघडलं, गृहखात्यासारख्या यंत्रणेत नाही. तीन वर्षांसाठी २५ कोटी डॉलरची घोषणा झाली. त्यातला काही पैसा मात्र कोविडनंतरच्या संघराज्य मदतीचा, म्हणजे मुदत असलेला. त्याच वर्षी इलिनॉय आणि कनेक्टिकट या राज्यांनी हिंसाचार प्रतिबंधाच्या सेवांचा खर्च मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, भागवायची सोय केली. शिकागोच्या पद्धतीसाठी मला हीच वाट सर्वांत भरवशाची वाटते, कारण आरोग्यसेवेचं बिल दर वर्षी विधिमंडळाच्या दारात उभं राहत नाही.

दोन्ही पद्धती एकाच शहरात नांदू शकतात का? बॉल्टिमोरमध्ये सध्या तेच चाललंय. ‘सेफ स्ट्रीट्स’ २००७पासून आहे. जानेवारी २०२२मध्ये पश्चिम जिल्ह्यात बॉस्टनच्या धर्तीची ‘ग्रुप व्हायोलन्स रिडक्शन स्ट्रॅटेजी’ सुरू झाली. शहरात हा प्रयोग आधी फसलेला होता. दोन्ही महापौरांच्या एकाच कार्यालयाच्या छत्राखाली आहेत, पण एकीत पोलिस आणि सरकारी वकील भागीदार, तर दुसरीचे कार्यकर्ते पोलिसांना माहिती देत नाहीत. २०२२मध्ये शहरात ३३०हून अधिक खून झाले होते, २०२४मध्ये २०१. श्रेय घ्यायला महापौर आहेत, पोलिस आयुक्त आहेत, बंदूक बाळगणाऱ्यांवर कडक खटले भरणारे नवे सरकारी वकील आहेत आणि नारिंगी टी-शर्ट घालून कोपऱ्यावर उभे राहणारे सेफ स्ट्रीट्सवालेही आहेत.

एप्रिल २०२५मध्ये संघराज्य न्याय खात्याने ३६०हून अधिक अनुदानं मधेच रद्द केली. त्यांत अशा वस्तीपातळीवरच्या संस्थांचा मोठा वाटा होता. कोणत्या राज्याने शिकागोच्या पद्धतीला स्वतःच्या तिजोरीतून जागा दिली होती आणि कोणतं राज्य वॉशिंग्टनच्या पैशावर विसंबून होतं, हे त्यानंतरच्या आठवड्यांत कार्यकर्त्यांच्या हाती पडलेल्या कपातीच्या नोटिसांवरून दिसू लागलं.