कांदळवन उपजीविका अनुदान

कोकण किनाऱ्यावरची कांदळवने (खाऱ्या पाण्यात वाढणारी खारफुटीची जंगले) टिकावीत आणि ती राखणाऱ्या गावाला त्यातून चार पैसे मिळावेत, यासाठी महाराष्ट्र शासन खाडीकाठच्या शेतकऱ्यांना व मच्छीमारांना देत असलेले अर्थसाहाय्य. ‘कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना’ या नावाने ते 2017 पासून सुरू आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष (स्थापना 2012) आणि कांदळवन प्रतिष्ठान हे काम पाहतात.

गटाने उभारलेल्या प्रकल्पाला खर्चाच्या 90 टक्के, एकट्याने उभारलेल्याला 75 टक्के रक्कम शासनाची. उरलेला वाटा लाभार्थ्याचा. झाड तोडले नाही म्हणून रोकड हातात पडत नाही. खेकडापालन, कालवे व शिंपले पालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा धंद्यांना ही मदत मिळते. याआधी सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने झालेल्या प्रकल्पात यांतले बरेच प्रयोग होऊन गेले होते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या ‘स्वामिनी’ गटाने सुरू केलेली कांदळवन सफर त्यातलीच.

खेकडापालन ऐकायला सोपे वाटते. रायगडात चिंबोरी, मालवणकडे कुर्ली म्हणतात तो हा खाडीतला खेकडा कात टाकल्याशिवाय वाढत नाही, आणि कात टाकल्यावर काही काळ त्याचे अंग मऊ असते. तेवढ्यात शेजारचा खेकडा त्याला खातो. म्हणून जाळीच्या कुंपणात लपायला जागा कराव्या लागतात, स्वस्त मासळीचा चारा वेळेवर टाकावा लागतो. भरतीचे पाणी आणि कांदळाची सावली मात्र खाडी फुकट देते. कांदळवन तोडू नये हे गावाला पटते ते इथे, फलक लावून नव्हे.

योजनेची उणी बाजू खारभूमीत दिसते. पेण-अलिबागच्या पट्ट्यात मातीचे बांध घालून खाडीपासून राखलेली भातशेती आहे. ओहोटीला उघाडी (बांधातले पाणी सोडण्याचे दार) उघडते, पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला ती मिटते. उधाणात बांधाला खांड पडली आणि वेळेत बुजली नाही, की खारे पाणी शेतात फिरते, त्याबरोबर तिवराचे (कांदळवनातल्या एका झाडाचे) बी येते आणि थोड्या वर्षांत भाताच्या जागी कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार अशी जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी वन ठरते आणि तिच्याभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. कांदळवनासाठी हा निकाल हवाच होता. पण सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, शेतात तिवर, आणि या योजनेत त्या गेलेल्या पिकाचा मोबदला बसत नाही. खेकड्याचे कुंपण हे भाताच्या कणगीला उत्तर नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

बांध राखण्याचा मोबदला ही कल्पना या भागाला नवी नाही. जुन्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात शिलोत्री पद्धतीत बांधाची डागडुजी करणाऱ्या शिलोत्रदाराला कुळांकडून बिघ्यामागे भाताचा ठरलेला वाटा मिळे. पुढे 1948 च्या आणि 1979 च्या खारजमीन कायद्यांनी ही जबाबदारी शासनाकडे आली. आजचे अनुदान प्रकल्प उभारण्यासाठी असते; शिलोत्रदाराचा वाटा दर हंगामाच्या राखणीचा असे.